उतरत गेलेली पट्टी

सुलभा उजागरे क्राइस्टचर्चमधल्या एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायची आणि रविवारी दुपारी शहराच्या पश्चिम टोकाला एका कामगार क्लबात गायची. गाणी तिचीच, चालीही तिच्याच. ऐकायला तीसेक माणसं असत, त्यातली निम्मी तळलेल्या माशांसाठी आलेली. मी तिच्यामागे सहा वर्षं बेस गिटार वाजवली. तिच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे की नाही, हे वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

ती मूळची राहुरीकडच्या एका खेड्यातली. वडील तिथल्या ख्रिस्ती शाळेत मास्तर होते आणि सुगीच्या सणाला गावोगाव फिरून कीर्तनं करायचे. पेटी, ढोलकी, झांजा आणि मागे धृपद धरायला सहा वर्षांची सुलभा. २००५ मध्ये ती वृद्धसेवेचा डिप्लोमा करायला इथे आली. मागोमाग नवरा आला, मुलगी अनुष्का इथेच झाली. अनुष्का चार वर्षांची असताना नवरा पर्थकडे खाणीत कामाला गेला, तो तिकडचाच झाला. सुलभाताई त्याबद्दल कधी बोलली नाही. गायलीही नाही.

लाँड्रीतली मशीनं सांभाळायला रॉस नावाचा एक गोरा म्हातारा होता. तरुणपणी तो बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा. मशीनांच्या घरघरीत तो जुन्या कॅसेट लावून ठेवायचा. अमेरिकेच्या दक्षिणेतलं सोल संगीत, चर्चमधून उठून गुत्त्यात येऊन बसलेलं गाणं. ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा सुलभाताई ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "रॉस, धिस इज माय फादर." रॉसला वाटलं, गाणारा काळा माणूस खरंच तिचा बाप आहे की काय. मग तिने मशीनच्या झाकणावर ठेका धरून वडिलांच्या कीर्तनातली एक ओळ म्हणून दाखवली. रॉस त्या दिवशी दोन ड्रायर बंद करायला विसरला.

माझी तिची गाठ रिकार्टनच्या भारतीय किराणा दुकानाबाहेर पडली. मी गाडीच्या डिकीत गिटारशेजारी पिठाची पिशवी ठेवत होतो. मागून आवाज आला, "ती गिटार वाजवता का नुसतीच फिरवता?"

"बेस आहे ती," मी म्हणालो. "कॉलेजात वाजवायचो, चिंचवडला. आता फारशी नाही."

"म्हणजे फिरवता." तिने माझ्या हातात एक पावती दिली, मागे पत्ता लिहून. "शनिवारी सकाळी या. चहा मी करते. नाव काय तुमचं?"

"देवव्रत."

"बरं, देवा."

पुढच्याच शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी होती, मी तिला सुलभाताई म्हणू लागलो.

रॉसच्या गॅरेजमध्ये तिने पहिल्या दिवशी जे गाणं ऐकवलं ते चादरींचं होतं. आश्रमात कुणी गेलं की त्या खोलीतल्या चादरी वेगळ्या रंगाच्या पिशवीतून खाली येतात. पिशवीवर नाव नसतं. कधीकधी ती लवकर येते.

*घडी घालते मी, घडी घालते,*
*ऊब अजून आहे, घडी घालते,*
*नाव नको सांगू, खोली नको सांगू,*
*चादर बोलते, घडी घालते.*

ती हे गात होती तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. समोरच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन थांबली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गाणं संपल्यावर ती घरात निघून गेली. रॉस म्हणाला, "या बाईने गेल्या महिन्यात नवऱ्याला पुरलं." गाणं कशाचं आहे, हे आम्ही कुणी तिला सांगितलेलं नव्हतं.

सुलभाताईचा आवाज गोड नव्हता. उंच जायचा, आणि वर गेल्यावर तिथे पाय रोवून उभा राहायचा. ती 'काळी पाच'मध्ये गायची. भारतात पेटीवर शिकलेली माणसं स्वराची पट्टी अशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात. रॉसला ते शिकायला महिना लागला.

मराठी मंडळाने तिला एकदाच बोलावलं, २०१८च्या दिवाळीत. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, बायका पैठण्यांमध्ये, मुलं मोबाइलमध्ये. ती चादरींचं गाणं गायली. टाळ्या पडल्या, जशा लहान मुलाच्या नाचाला पडतात. मंडळाचे पुरुषोत्तमकाका भला माणूस, फराळाचं ताट घेऊन आमच्याजवळ आले. "आवाज जोरकस आहे हो तुमचा," ते म्हणाले, "पण गोडवा कमी पडतो. आणि दिवाळीला चादरी? पुढच्या वर्षी एखादं छानसं भावगीत बसवा."

"बसवते की," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर ती एवढं हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. परत त्या हॉलकडे ती गेली नाही.

हे सगळं चांगलं होतं. मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सांगताना ते विसरायला होतं.

२०२१च्या शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "देवा, आज काळी चार घेऊ." मी काही विचारलं नाही. गायकांचे दिवस असतात तसे आणि तसे. पण मग काळी चारच राहिली. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, आम्ही पांढरी चारवर आलो. हे काही एका दिवसात झालं नाही. दर वेळी ती सहज म्हणायची, चहात साखर कमी टाक म्हणावं तसं, आणि रॉस आणि मी बोटं सरकवायचो.

कारणं तयार असायची. कधी नॉर्वेस्टर. आमच्या कँटरबरी प्रांतात डोंगराकडून तो कोरडा गरम वारा सुटला की अख्ख्या शहराचं डोकं दुखतं, कुत्री भुंकत सुटतात, घसा काय चीज आहे. कधी गवताचे पराग. कधी लाँड्रीतला कापसाचा भुगा. ती मागच्या दाराशी उभी राहून दिवसाला दोन-तीन सिगारेटी वळून ओढायची, ते कारण मात्र कुणी काढत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर आवाज सुंदर होत चालला होता. वरचे स्वर गेले तसं खाली काहीतरी उघडलं, खरखरीत, ओरखडा काढणारं. शब्दाच्या टोकाला आवाज फाटायचा. क्लबात साठ माणसं येऊ लागली, मग नव्वद. तळलेले मासे गार होऊ लागले. एक ट्रकवाला म्हणाला, "बाई दर महिन्याला जास्त चांगली गातेय." मी त्याला थँक्स म्हणालो, जणू मीच काही केलं होतं.

नोव्हेंबरमध्ये मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

मी क्लबातली गाणी लॅपटॉपवर टिपून ठेवायचो आणि आठवड्यात हेडफोन लावून ऐकायचो. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, दोष शोधायची सवय. त्या दिवशी दोन ओळींच्या मध्ये, ती श्वास आत घेताना, बारीक शिट्टी वाजली. दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. मी मागे जाऊन ऐकलं. पुढच्या श्वासालाही होती. प्रत्येक श्वासाला होती. मी हेडफोन काढले आणि भांडी घासायला गेलो.

पुढच्या रविवारी सामान गाडीत भरताना रॉस म्हणाला, "तू ऐकलंस?"

"काय?"

"श्वास आत घेताना. माझ्या घोड्याला असं झालं होतं."

"नॉर्वेस्टर आहे," मी म्हणालो.

रॉसने माझ्याकडे पाहिलं. आकाश स्वच्छ होतं, वारा अजिबात नव्हता. "हं," तो म्हणाला आणि ऑर्गनची केबल गुंडाळू लागला. पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही. तिच्याशी तर नाहीच.

याला पुढे सबबही मिळाली, डनीडनहून आलेला एक माणूस. छोटी रेकॉर्ड कंपनी चालवायचा, वर्षाला तीन-चार रेकॉर्ड. फेब्रुवारीत तो क्लबात येऊन मागच्या टेबलावर बसला आणि तिचं गाणं संपल्यावर थेट तिच्याकडे आला. "हा आवाज मला हवा आहे," तो तिला म्हणाला. "असाच. कुठेही गुळगुळीत न करता." मे महिन्यात लिटलटनच्या एका जुन्या लोकरीच्या गोदामात रेकॉर्डिंग करायचं ठरलं. सुलभाताई अठ्ठेचाळीस वर्षांची होती. कुणीतरी तिला आवाज हवाय असं म्हणायची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

घरी जाताना तिने गाडीत बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "देवा, मे फार लांब आहे का रे?"

"तीन महिने, ताई."

"हं," ती म्हणाली आणि काच खाली केली. एसी चालू असूनही.

गोदामात सलग तीन शनिवार-रविवार गेले. बंदरातून क्रेनचे आवाज येत, ते थांबले की आम्ही सुरू करत असू. पट्टी काळी दोनपर्यंत खाली आली होती. दोन गाण्यांच्या मध्ये ती लोकरीच्या गठ्ठ्यावर बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढे काढून. पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखी. तिथे पायऱ्या नव्हत्या. अनुष्का तेव्हा सोळा वर्षांची, तिने आईला पाण्याची बाटली दिली.

"यू ओके, मम्मा?"

"मला काय धाड भरलीय?"

"यू साउंड वीअर्ड."

"म्हणून तर रेकॉर्ड करतायत, बाळा."

सगळे हसले. मीसुद्धा.

चादरींचं गाणं तिने शेवटच्या दिवशी एका दमात गायलं. दुसऱ्यांदा गायला ती उभीच राहिली नाही. डनीडनचा माणूस काचेपलीकडे डोळे पुसत होता.

गाण्यांची साफसफाई माझ्याकडे होती. त्या माणसाला आवाज खरखरीत हवा होता, पण श्वासातली शिट्टी लक्ष वेधते, असं तो म्हणाला. ती काढता येईल का? येईल, मी म्हणालो. जूनमध्ये मी दिवसाचं काम संपवून त्याला बसायचो. पडद्यावर आवाजाची नक्षी दिसते, त्यात श्वास ओळखू येतो, दोन डोंगरांमधल्या झुडपासारखा. मी एकेक झुडूप निवडायचो आणि पुसायचो. दहा गाण्यांत एकशे बासष्ट श्वास होते. पहिले काही श्वास मी पुसून परत आणले, मग पुन्हा पुसले. नंतर सवय झाली.

जुलैच्या एका मंगळवारी सकाळी लाँड्रीत चादरी ड्रायरमधून काढताना सुलभाताई खाली बसली. रॉस धावला. तिचे ओठ निळे पडले होते आणि ती शिट्टी आता खोलीभर ऐकू येत होती, मशीनं चालू असताना. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली. इस्पितळात तिच्या गळ्याला पुढून भोक पाडून श्वासाची नळी घातली, म्हणून ती वाचली. त्याच्या वरची श्वासाची वाट कर्करोगाच्या गाठीने जवळजवळ बंद झाली होती.

मी पोचलो तेव्हा अनुष्का कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. एक तरुण डॉक्टरीण आली. "हा श्वासाचा आवाज किती दिवस आहे, कुणी सांगू शकेल?"

अनुष्काने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तारीख होती. फाइलच्या नावातच होती. नोव्हेंबरची वीस.

"काही आठवडे," मी म्हणालो.

तिने लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी ऑपरेशन करून तिचं संपूर्ण स्वरयंत्र काढलं. दुसरा मार्ग राहिला नव्हता. मग किरणोपचार. त्या काळात ती पांढऱ्या छोट्या फळ्यावर मार्करने लिहून बोलायची. अनुष्काला मराठी समजतं पण वाचता येत नाही, त्यामुळे तिच्यासाठी इंग्रजीत आणि माझ्यासाठी मराठीत. अक्षर वडिलांसारखं, शाळामास्तरी, गोल.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी अनुष्का डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध आणायला गेली होती आणि आम्ही दोघंच होतो. तिने फळा पुसला, लिहिलं आणि माझ्याकडे फिरवला.

*तुला कधीपासून ऐकू येत होतं?*

खोटं बोलायची ही शेवटची संधी आहे, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. "नोव्हेंबरपासून," मी म्हणालो.

तिने मान हलवली. पुसलं, लिहिलं.

*मला त्याआधीच्या ऑगस्टपासून. बेसिनमध्ये रक्त.*

ती लिहितच राहिली. जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, ती गेली होती. त्याने इस्पितळाला तातडीचं पत्र पाठवलं, अपॉइंटमेंट आली. ती तिने रद्द केली. परत आली तर परत रद्द केली. आम्हाला, अनुष्काला, कुणाला कळू दिलं नाही.

"का, ताई? तेव्हा गेली असतीस तर कदाचित..."

तिचा मार्कर फळ्यावर करकरला. *कदाचित आवाज राहिला असता. पण तो वाला नाही. आधीचा. तीस माणसांचा.*

खाली तिने आणखी लिहिलं: *मला एकदा पूर्ण ऐकलं जायचं होतं. पोर आहे हे विसरले. हे माझं पाप.*

मी रडलो. तिने मला रडू दिलं, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. मग मी एकशे बासष्ट श्वासांचं सांगितलं आणि डॉक्टरिणीला काय म्हणालो तेही. ते ऐकताना ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने फळा घेतला.

*मी लपवलं ते माझं. पण तू सांगायला हवं होतंस. कुणीतरी एकाने.*

एवढं लिहून तिने फळा उलटा ठेवला. अनुष्का दूध घेऊन आली, आम्ही चहा केला. तिला तेव्हा नळीने दूध दिलं जायचं, चहा अनुष्काने आणि मी प्यायला.

त्यानंतर कित्येक महिने तिने मला बोलावलं नाही. मी रॉसकडून खुशाली घ्यायचो. रॉसने तिच्यापाशी सगळं कबूल केलं आणि तिने त्याला लगेच माफ केलं. मला का नाही, हे मी विचारू शकत नव्हतो. माहीतही होतं. रॉसने नुसतं ऐकलं होतं, मी पुसलं होतं.

रेकॉर्ड २०२४च्या मार्चमध्ये आली. तीनशे प्रती. मी डनीडनला फोन करून सांगितलं होतं की श्वास परत घालायचे आहेत, मूळ फाइल माझ्याकडे आहे. तो माणूस म्हणाला, "ते आता लोकांना ऐकवायचं का?" मी म्हणालो, तिला विचार. तिने एका शब्दाचं उत्तर पाठवलं: *घाल.* आता ती रेकॉर्ड ऐकवत नाही. मला तर नाहीच. वेलिंग्टनच्या एका रेडिओवाल्याने ती दोनदा लावली, आणि दुसऱ्यांदा श्रोत्यांनी फोन करून बंद करायला लावली. अप्पर हट गावाहून एका बाईने मात्र पत्र लिहिलं. तिचा नवरा याच दुखण्याने गेला होता. त्या पत्राची झेरॉक्स रॉसने लाँड्रीत लावलीय.

सुलभाताईच्या गळ्यात आता छोटा व्हॉल्व्ह आहे. त्यावर बोट दाबून ती बोलते, सपाट, जाड, बाईचा की पुरुषाचा हे न कळणारा आवाज. डेअरीतली मुलं वळून बघतात. मंडळाचे पुरुषोत्तमकाका डबा घेऊन येतात, दर पंधरा दिवसांनी, आणि भावगीतांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ती अर्ध्या वेळेसाठी कामावर परत रुजू झाली. फक्त वेगळ्या रंगाची पिशवी आली की रॉस ती स्वतः उघडतो.

गेल्या महिन्याच्या तपासणीत डाव्या फुप्फुसात एक ठिपका दिसला. चार मिलिमीटर. काही असेल, काही नसेल, असं डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी परत बघू. मला तिने स्वतः फोन करून सांगितलं. व्हॉल्व्हवरून फोनवर बोलणं तिला जड जातं, ती कुणाला फोन करत नाही.

"कुणाकुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली. "अनुष्काला पहिलं."

मग तिने मला शनिवारी घरी बोलावलं. तिच्याकडे तेरा वह्या आहेत, सोळा वर्षांत लिहिलेल्या, त्यात कधी न गायलेली गाणी. अनुष्काला ती वाचता यावीत म्हणून मी प्रत्येक ओळ रोमन लिपीत टाइप करतोय, खाली अर्थ. सुलभाताई शेजारी बसते. मी चुकलो की पेन्सिलीने माझ्या बोटांवर मारते. मधूनच ती खोकते, आणि खोकला थांबेपर्यंत मी टाइप करत नाही, तिच्याकडे बघत राहतो. मग विचारतो, "हा कधीपासून आहे?" ती दिवस सांगते. मी तो वहीच्या समासात लिहितो.

दुसरी वही अर्धी झालीय. अकरा उरल्यात.